राखेने घासलेला तांब्या

देवीच्या देवळासमोर रविवारी सकाळी रांग लागली होती ती तांब्यांची. माणसं आपापल्या तांब्यामागे उकिडवी बसली होती, बिड्या विझवून, डोकी झाकून, शाळा तपासायला साहेब यावा तशी. पितळी तांबे उन्हात असे लखलखत होते की देवीलाही डोळे किलकिले करून बघावं लागलं असतं. कोपरच्या खाडीकाठची ही कोळ्यांची वस्ती एरवी रविवारी मासळीच्या लिलावाने गजबजायची. पण दाणेबाबा आल्यापासून रविवारी मासळी बंद, जिभा बंद आणि डोकीही बंद.

गर्दीच्या कडेला उत्तरा पिशवी घेऊन उभी होती. ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, ठाकुर्लीला राहायची, आणि वस्तीत तिचं नाव पडलं होतं 'सालंवाली मॅडम'. कारण ही बाई चंद्रभागेकडे यायची, सोललेल्या कोलंबीकडे ढुंकून बघायची नाही, आणि बादलीत पडलेली सालं तेवढी मागून न्यायची. सुरुवातीला बायकांना वाटलं, बामणाची बाई, चोरून खात असेल. मग कळलं की ती सालांपासून काहीतरी औषधाचं बनवते. तेव्हापासून चंद्रभागा तिला सालं राखून ठेवू लागली. आज मात्र सालं नव्हतीच.

"मॅडम, म्हावराच बंद तं सालं कठून आनू?" चंद्रभागा हळूच म्हणाली. कोळीवाड्यात हिच्या आवाजाने होड्या वळतात असं म्हणत, आणि आज ती कुजबुजत होती. "आज आमचे घराची पारख हाय. दुसऱ्यांदा."

पारख कशाची, ते समोरच चाललं होतं. गेलं वर्षभर खाडीतली जाळी रिकामी येत होती. जिताडा दिसेनासा झाला होता, कोलंबी जेमतेम मूठभर. अशा वेळी दाणेबाबा उगवले. दाढी, भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि हातात काचेची बरणी. बरणीत खसखशीएवढे फिकट तांबूस दाणे. बाबांनी निदान केलं की कुठल्यातरी घरात पाप लपलंय, म्हणून देवीने मासे परत बोलावलेत. मग उपायही त्यांच्याकडेच होता. प्रत्येक घराने पितळी तांब्या आतून चिंचेने घासायचा, नंतर विसळायचा नाही, तसाच पाण्याने भरून आणायचा. बाबा त्यातलं पाणी वाटीत ओतणार, चिमूटभर दाणे सोडणार, आणि आरती व्हायच्या आत पाणी लाल झालं तर घर शुद्ध. कोरं राहिलं तर घरात पाप.

"या दाण्यात पॉझिटिव्ह इलेक्ट्रॉन आहेत," बाबा सांगत होते. "शुद्ध घरच्या पाण्यात निगेटिव्ह प्रेशर असतं. दोघांची गाठ पडली की देवी कुंकू सोडते. अमेरिकेत यावर संशोधन चाललंय. त्यांना जमत नाही, कारण त्यांच्या दारात तुळस नाही."

लोकांनी माना डोलावल्या. अमेरिकेला तुळशीवाचून अडलेलं ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं.

दाणे वाटीत पडले, आरती सुरू झाली आणि चंद्रभागेच्या शेजारच्या घरचं पाणी बघता बघता लाल झालं. सुंदर, नितळ, गुलबक्षीसारखं लाल. बायकांनी हात जोडले. उत्तराने मात्र पिशवी खाली ठेवली. तो रंग तिच्या ओळखीचा होता. ती वाटीही ओळखीची होती, पांढरी, चिनी मातीची, एका बाजूला छोटी चोच असलेली. असली वाटी कुठल्या स्वयंपाकघरात नसते, प्रयोगशाळेत असते. मग बाबांनी मनगटाने वाटी गोल फिरवली, आणि दाढीमागचा चेहराही ओळखीचा झाला.

तो कुंडलिक होता. गेल्या वर्षापर्यंत तिच्याच प्रयोगशाळेत बाटल्या-नळ्या धुणारा कुंडलिक. ती वाटी अशी फिरवायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात चंद्रभागेच्या सुनेचा, शालूचा नंबर आला. शालू शहाडची, लग्न होऊन इथे आलेली. कडेवर लहानगी जनी, हातात तांब्या. तो तांब्या सगळ्या रांगेत उठून दिसत होता. दाणे पडले. आरती झाली. कर्पूरगौर झालं, मंत्रपुष्पांजलीही झाली. पाणी कोरंच राहिलं.

"दोनदा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "देवी दोनदा सांगते. पाप सुनेच्या पदरात आहे. येत्या रविवारी शेवटची संधी. पाणी कोरं राहिलं तर ही बाई माहेरी जाईल. पोर या गावचं आहे, ते इथेच राहील."

शालूचा नवरा नाथा जमिनीकडे बघत होता. गावचे पुढारी दामाजी, ज्यांच्या माडीवर बाबांचा मुक्काम होता आणि ज्यांचं घर पहिल्याच रविवारी शुद्ध ठरलं होतं, ते गंभीरपणे म्हणाले, "देवीचा हुकूम हाय." शालूने जनीला असं आवळलं की पोर रडायला लागली.

उत्तराला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुंडलिक कोण हे सांगून भागणार नव्हतं. वाल्याचा वाल्मीकी झाला म्हणून लोक उलट त्याच्या पाया पडले असते. एवढ्या घरांतून पाणी नेमकं शालूलाच का वगळतं, हे आधी समजायला हवं होतं.

उत्तरा चंद्रभागेच्या मागोमाग तिच्या घरी आली. ती उंबऱ्यातच बसली.

"शालू, तू तांब्या कसा घासलास?"

"बाबांनी सांगलेला तसा. चिंचेनी."

"आणि मग?"

सासूकडे बघून शालू म्हणाली, "आमचे घरान सगल्याला म्हावऱ्याचा वास. देवीला कसा चालल? म्हनून चिंचेनी घासला, मंग चुलीतले राखेनी घासला, आनि तीनचार पान्यांनी धुतला. वास जाईपरयंत. गेले टायमाला कोरा झाला म्हनून या टायमाला जास्तच घासला."

उत्तराला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. गावातल्या सगळ्यांत स्वच्छ भांड्यातलं पाणी अपवित्र ठरलं होतं. ज्यांनी घाईघाईत चिंच फासून तसेच तांबे भरले, ती घरं सोवळी ठरली होती. बाबा विसळायचं नाही असं का सांगत होते, तेही आता उघड झालं.

"पारखीचे दाणे आहेत का तुमच्याकडे?"

होते. न फुटलेले दाणे पुरचुंडीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवायचे, असा बाबांचा हुकूम होता, पाप डोळ्यांसमोर राहावं म्हणून. चंद्रभागेने पुरचुंडी काढून दिली.

घरी जाऊन उत्तराने ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. एकीत चिंचेचं पाणी, दुसरीत नळाचं पाणी, तिसरीत खायच्या सोड्याचं पाणी. चिंचेच्या पाण्यात दाणे आधी फुगले, मग विरघळायला लागले आणि पाणी लाल झालं. नळाच्या पाण्यात खूप वेळाने थोडी गुलाबी झाक आली. सोड्याच्या पाण्यात दाणे सासुरवाशिणीसारखे अंग चोरून बसून राहिले. मग तिने चिंचेचं पाणी कोमट करून पाहिलं, तर दाण्यांनी आणखीच घाई केली. आता शंकाच उरली नाही.

ते दाणे तिचेच होते. चार वर्षं ती यासाठीच राबत होती. कोलंबीच्या सालातून एक पदार्थ निघतो, शरीरात हळूहळू जिरून जाणारा. त्याचे बारीक दाणे करायचे, त्या दाण्यांच्या पोटात औषध भरायचं, आणि ते औषध शरीरात एकदम न सांडता सावकाश बाहेर पडेल असं बघायचं. कितपत बाहेर पडतंय हे डोळ्यांना दिसावं म्हणून ती त्यात लाल रंगाचं एक जीवनसत्त्व भरायची. पण दाणा मोठा लहरी. भोवतालचं पाणी आंबट की खारट, थंड की ऊन, स्थिर की ढवळलेलं, यावर त्याचं सगळं अवलंबून. तिला जठराच्या आंबटपणात टिकणारे दाणे हवे होते. बरणीभर दाणे आंबट पाण्यात पडल्या पडल्या फुटले, तेव्हा वैतागून तिने ती बरणी टाकून द्यायला सांगितलं. सांगितलं कुंडलिकला. आणि आता तिच्या फसलेल्या प्रयोगाची कोपरला आरती चालली होती. चार वर्षांत तिच्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

आठवड्यात मधेच एकदा ती पुन्हा चंद्रभागेकडे गेली आणि दाणे टाकलेल्या पाण्यात लिंबू पिळून दाखवलं. पाणी लाल झालेलं बघून चंद्रभागेचा जीव भांड्यात पडला.

"मंग झाला तं. रविवारी जाताना तांब्यान लिंबू पिलायचा नि सुटायचा. कोनाला कलनार हाय?"

खरं म्हणजे उत्तराच्याही मनात तेच आलं होतं. एक पोर आईजवळ राहणार असेल तर एका लिंबाचं काय मोल. पण मग पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाची सून रडली असती, हेही तिला दिसत होतं. निवाडा करायचा अधिकार तिचा नव्हता.

"नाय," शालू म्हणाली. ती कोपऱ्यात जनीचे केस विंचरत होती. "लिंबू टाकला तं तो म्हनल, पाप धुतला. मी पाप केलाच नाय तं धुवू कशाला? मी राखेनीच घासनार. मॅडम, तुमी तवा येवाल ना?"

"येईन," उत्तरा म्हणाली.

"नाय आलात तं माझी जनी जाईल," शालू तिच्याकडे न बघता म्हणाली.

रविवारी गर्दी दुप्पट होती. डोंबिवलीहून, मुंब्र्याहून लोक आले होते, कारण कोणाला तरी घराबाहेर काढणार हे कळलं की पुण्य मिळवायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. बाबांनी आज कफनीला इस्त्री केली होती. उत्तरा पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिच्यावर नजर पडताच बाबांच्या तोंडातला मंत्र अडखळला, आणि मग ते नको इतक्या मोठ्याने म्हणू लागले.

शालूचं पाणी कोरं राहिलं. आरती दोनदा म्हटली तरी कोरं.

"देवीचा निकाल लागला," बाबा म्हणाले.

उत्तरा उठली. "एक शंका आहे. त्याच पाण्यात, त्याच दाण्यांवर मी हे पिळते." तिने वाटीत अर्धं लिंबू पिळलं, काडीने ढवळलं. बायका पुढे सरकल्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल.

गर्दीत कुजबुज झाली. पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पाहिलंत? लिंबाने बाधा उतरते, हे आपले पूर्वज सांगून गेले. लिंबू उतरवल्यावर पाप पळालं. म्हणजे पाप होतंच."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दामाजी म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. देवाचे कामान हात नका घालू."

उत्तराला राग आला, पण तिने आवाज वर्गातल्यासारखाच ठेवला. "ठीक. आता शुद्ध घरचं पाणी घेऊ. दामाजी, तुमचाच तांब्या चिंचेने घासून भरून आणा. आणि कुंडलिक, ही वाटी जरा विसळून आण."

"हो मॅडम," बाबा म्हणाले, वाटी उचलली आणि नळाकडे चालू लागले.

चारपाच पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थबकले. गर्दीत आधी कोणीच हसलं नाही. मग मागून चंद्रभागेचा आवाज आला, नेहमीचा, होड्या वळवणारा. "बाबा, साबनानी विसला हां."

मग जे हसू फुटलं, त्यात अर्धा चमत्कार तिथेच वाहून गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी उत्तराने दामाजींच्या तांब्यातलं पाणी विसळून आलेल्या वाटीत घेतलं आणि पुडीतून चिमूटभर पांढरी पूड टाकली. पाणी जरा फसफसलं. ते शांत झाल्यावर तिने बरणीतले दाणे सोडले. "म्हणा आरती."

लोकांनी आरती म्हटली. दामाजी सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते. पाणी कोरं राहिलं. दामाजींनी वाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली, तिरकी केली, फुंकर घालून पाहिली.

"माझे घरान पाप?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"तुमच्या घरात काही नाही. वाटीत खायचा सोडा आहे. हे दाणे आंबट पाण्यात उघडतात, एवढंच. तुमच्या तांब्यात चिंच राहिली होती म्हणून तुम्ही पुण्यवान. शालूने मासळीचा वास जावा म्हणून राखेने घासला, धुतला, म्हणून ती पापी. देवीने काही केलेलं नाही. केलंय ते चिंचेने आणि राखेने."

"सोड्याने देवीचा अपमान झालाय," बाबा ओरडले.

"भज्यांन घालताव तवा नाय होत अपमान?" चंद्रभागा म्हणाली.

"आणि हे दाणे कशाचे आहेत, तेही सांगते," उत्तरा म्हणाली. "चंद्रभागाबाई, मी तुमच्याकडून इतकी वर्षं काय नेते?"

"कोलंबीची सालं."

"त्यांचेच हे दाणे. माझ्या हातचे. बिघडले म्हणून टाकायला दिले होते."

आता मात्र कोणी हसलं नाही. रविवारमागून रविवार या वस्तीने मासळी शिजवली नव्हती, विकली नव्हती, पोरांना कोरडा भात घातला होता, का तर देवीच्या दाण्याला मासळीचा विटाळ. आणि तो दाणा त्यांच्याच बादलीतल्या कोलंबीचा निघाला. चंद्रभागा सावकाश उठली, बाबांसमोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांना नखशिखान्त बघितलं.

"आमचीच सालं आमालाच पुजाला लावलीस रं? नि माझे सुनेला घराबाहेर काराला निघालास?"

कुंडलिक मटकन खाली बसला. "मॅडम, नोकरी टेंपरवारी होती," तो पुटपुटला. "दाणे लाल होताना बघून शेजारची एक बाई पाया पडली. तिथून सगळं सुरू झालं." नाथा पुढे आला, शालूच्या हातातून जनीला घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चुकला माझा." शालूने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो हिशेब घरी व्हायचा होता.

उत्तरा लोकांकडे वळली. भाषण करायची तिला सवय नव्हती, वर्गात शिकवायची होती, म्हणून ती तशीच बोलली. "एखादी गोष्ट घडली की हात जोडायच्या आधी विचारा, कशामुळे घडली. एक वस्तू बदलून बघा, बाकी तशाच ठेवा. चिंच काढा, राख घाला. खरी गोष्ट तपासल्याने लाजत नाही. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या शब्दावर कोणाचं लेकरू आईपासून तोडू नका."

बाया पदर सावरत उठू लागल्या. तेवढ्यात शालू म्हणाली, "मॅडम, दाने अजून हायत?"

"आहेत थोडे."

"मंग खारीचा पानी बगू या?"

लोक थांबले. जाळी रिकामी का येतात, हा खरा प्रश्न सगळे विसरूनच गेले होते. बाबांनी सगळ्या घरांचं पाणी तपासलं होतं, खाडीचं कधीच नाही. शालूने आपला तांब्या घेतला. धक्क्याच्या पुढे, भरतीच्या पाण्यातून एक वाटी आणली. मग तांब्या विसळून वरच्या कारखान्यांचा नाला जिथे खाडीत पडतो, तिथून दुसरी. दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. उत्तराने दोन्हींत दाणे सोडले.

भरतीचं पाणी कोरं राहिलं. नाल्याच्या वाटीतले दाणे फुगले, आणि आरतीचा पहिला शब्द निघायच्या आत पाणी लालभडक झालं.

"एवढं आंबट?" दामाजी म्हणाले.

"चिंचेइतकं तरी," उत्तरा म्हणाली. "त्यात मासा कसा राहील?"

दामाजींनी मान वर करून नाल्याच्या दिशेने बघितलं. लांबवर कारखान्यांची धुराडी दिसत होती. वर्षभर ती तिथेच होती, आणि गाव एकमेकांच्या घरात पाप शोधत होतं. दामाजी शालूजवळ आले. त्यांनी खाली वाकून तिचा तांब्या उचलला आणि दोन्ही हातांनी तिला दिला.

पुढच्या रविवारी कोपरला पुन्हा मासळी शिजली, आणि पुन्हा तांब्यांची रांग लागली. या खेपेला ती नाल्यावरच्या सगळ्यांत मोठ्या कारखान्याच्या फाटकासमोर होती. प्रत्येक तांब्यात नाल्याचं पाणी होतं, आणि साहेबांनी बाहेर येऊन ते पिऊन दाखवावं एवढीच गावाची मागणी होती. साहेब बराच वेळ काचेआडून बघत होते.

रांगेतला पहिला तांब्या शालूचा होता, राखेने घासलेला.